बिनगव्हाचा ब्रेड

"आईचा पोळपाट कुठंय?" मी विचारलं.

माईणकरबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे दोन्ही हात परातीत होते. परातही आमची नव्हती, नवी होती. तिच्यात ओल्या वाळूसारखं तपकिरी, बियांनी भरलेलं काहीतरी होतं आणि त्या ते मूठमूठ घेऊन पत्र्याच्या लांबट साच्यात दाबून बसवत होत्या.

"माळ्यावर," त्या म्हणाल्या. "लाटणं आणि लाकडी उलथनंही. कागदात गुंडाळून ठेवलंय सगळं, खराब नाही व्हायचं."

"माळ्यावर कशाला?"

"लाकडाच्या रेघांत पीठ राहतं, हेमांगी. कितीही घासलं तरी राहतं. सरांना तेवढंही चालत नाही."

मी पुण्याहून पहाटेच्या गाडीनं सांगलीला आले होते. खांद्यावरची बॅगही अजून खाली ठेवली नव्हती. ओट्यावर जिथे आईचा मिक्सर असायचा तिथे एक चौकोनी ओव्हन बसला होता, आणि मिक्सर खिडकीखाली सरकला होता. घरभर भाजल्या तिळांचा वास होता. वास चांगला होता, त्याचाच मला जास्त राग आला.

"आली का गं?" आप्पा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "ये, ये. आज ताजा ब्रेड आहे. म्हणजे उद्या आहे. आज नुसता वास घ्यायचा."

आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. विश्रामबागेतल्या त्या घरात आप्पा एकटे राहत होते. शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. माईणकरबाई त्याच शाळेत शास्त्र शिकवायच्या, दोन घरं सोडून राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. आई होती तोवर त्या आमच्याकडे संक्रांतीला आणि दसऱ्याला यायच्या, खुर्चीच्या कडेला बसायच्या आणि चहा संपला की उठायच्या. आई गेल्यावर त्या खुर्चीत पूर्ण बसायला लागल्या असाव्यात. मला ते फोनवरून कळत गेलं. आधी आप्पा म्हणाले, बाईंनी आज भाजी आणून दिली. मग, बाई म्हणाल्या रक्त तपासून घ्या. मग मी फोन केला की मागून आवाज यायला लागला, "सर, गोळी घेतलीत का?" पूर्वी फोन आई घ्यायची आणि मागून आप्पा बोलायचे. आता फोन आप्पा घेत होते.

रक्त तपासायला लावलं ते बाईंनी, हे मला नाकारता यायचं नाही. आप्पा वाळत चालले होते. अंगात रक्त नाही, पोट सारखं बिघडलेलं, आणि मी पुण्यात बसून समजत होते की माणूस दुःखानं असाच होतो. मिरजेच्या डॉक्टरांनी नळी घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं, गहू बंद. कायमचा. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, शेवया नाहीत. आमच्या सातारच्या काकांनी विचारलं, खपली गहू चालत असेल की. आप्पा म्हणाले, "आडनाव बदलून उपयोग नाही, दादा. गहू तो गहूच."

रात्री ज्वारीची भाकरी होतीच. अडचण होती ती सकाळची. वसतिगृहात राहत होते तेव्हापासून आप्पांना सकाळी चहाबरोबर ब्रेड लागायचा. आई त्यावर चिडायची आणि रोज आणून ठेवायची. ब्रेड बंद झाला तेव्हा आप्पांनी तक्रार केली नाही, फक्त चहा अर्धा ठेवून उठायला लागले. हे मला आप्पांनी सांगितलं नव्हतं. बाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या, साच्यातून ब्रेडची ती वीट पालथी केली आणि धारदार सुरीनं पातळ काप काढले. काप चौकोनी, काळसर, मध्ये बदामाचे पांढरे तुकडे आणि भोपळ्याच्या हिरव्या बिया. आप्पांनी एक काप उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"हा पाहा बेसाल्ट. आणि ह्या गारगोट्या. बाईंनी अख्खं दख्खनचं पठार भाजलंय."

"खा आधी, सर. वर्ग नंतर घ्या."

आप्पा हसले. मी त्यांना तसं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनी काप चहात बुडवला. तो पावासारखा मऊ पडला नाही, नुसता ओला झाला.

"यात पीठ कुठलं?" मी विचारलं.

"पीठच नाही," बाई म्हणाल्या. "बदाम, अक्रोड, सूर्यफुलाच्या बिया, तीळ, थोडे शेंगदाणे. आणि जवस आणि इसबगोल."

"इसबगोल? पोट साफ व्हायला घेतात ते?"

"तेच. कणीक मळली की तिला चिकटपणा येतो ना, तो ग्लूटेनचा. सगळं धरून ठेवायचं काम त्याचं. तो काढून टाकला की दुसरं कोणीतरी ते काम करायला हवं. जवस नि इसबगोल कोमट पाण्यात भिजवले की बुळबुळीत होतात. दिसायला वाईट दिसतं, पण धरून ठेवतं. फक्त पूर्ण निवेपर्यंत हात लावायचा नाही. गरम कापलात की सगळं सुटतं."

"भाकरी असताना एवढी थेरं कशाला?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी सुरी पुसली.

"थेरंच आहेत," त्या म्हणाल्या. "पण सरांना चहाबरोबर भाकरी नको असते."

मला माहीत होतं ते. ते मलाच माहीत असायला हवं होतं.

त्याच दिवशी मी आप्पांना घेऊन मिरजेला गेले. डॉक्टरांनी नवे कागद पाहिले आणि चष्मा काढला. रक्त वाढलेलं नव्हतं. पोट दर पंधरा-वीस दिवसांनी बिघडत होतं.

"कुठून तरी गहू जातोय पोटात," डॉक्टर म्हणाले. "फार नाही, पण जातोय. असंच चालू राहिलं तर आतडं भरून यायचं नाही. या वयात मग पुढच्या गोष्टी सुरू होतात. घरात काय शिजतं ते नीट पाहा."

रिक्षात मी म्हटलं, "त्या ब्रेडमधूनच जात असणार."

"नाही," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? बाजारातल्या बिया. कुठल्या गोदामात, कशाशेजारी पडलेल्या असतात."

"त्या आणून धुतात, वाळवतात."

"तरी."

"ब्रेडमधून नाही, हेमू," आप्पा म्हणाले आणि रस्त्याकडे पाहत बसले. मला वाटलं, बाजू घेतायत. घरी येईपर्यंत माझ्या मनानं सगळं ठरवून टाकलं होतं. ब्रेड बंद करायचा. चार दिवसांत फरक पडला की आप्पांना पुण्याला घेऊन जायचं. आमच्या घरी एक खोली रिकामीच होती. तिथे ओव्हन नव्हता, आणि माईणकरबाईही नव्हत्या.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा मी तसं सांगितलं. आवाज चढवला नाही. आईनं मला ते शिकवलं होतं, राग आला की सावकाश बोलायचं.

"डॉक्टर म्हणतात गहू जातोय. आपण काही दिवस तुमचा ब्रेड थांबवू. मी आहे इथे, मी बघते त्यांचं खाणंपिणं. आणि मग त्यांना पुण्यालाच नेईन म्हणते."

बाई आप्पांकडे पाहत राहिल्या. नुसतं पाहिलं नाही, वाट पाहिली. शिक्षक वर्गात प्रश्न विचारून एकाच मुलाकडे पाहत उभा राहतो, तसं. आप्पांनी वर्तमानपत्र उलगडलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "ओव्हन राहू दे इथेच. तुला लागेल."

त्या गेल्या. आप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही ते नाहीच.

मला ओव्हन लागला. आप्पांच्या सकाळच्या चहाबरोबर त्यांना जे लागतं ते मी करू शकते, एवढंच मला दाखवायचं होतं. कोणाला, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. फडताळात बाईंच्या बरण्या ओळीनं होत्या. जवस भिजवले, बदाम भरडले, तीळ भाजले. मिश्रण हाताला खरोखर घाणेरडं लागत होतं. साच्यात दाबलं, ओव्हनमध्ये ठेवलं, आणि वास सुटला तेव्हा मला बरं वाटलं. तोच वास होता. त्यात माईणकरबाईंचं असं काही नव्हतं, तीळ भाजले की तीळ भाजल्याचाच वास येतो.

मग मी तो गरम असतानाच कापला. त्यांनी सांगितलेलं मला आठवत होतं. पण चार वाजत होते, आप्पांचा दुपारचा चहा ठेवला होता, आणि त्या म्हणाल्या म्हणून थांबायचं हे मला जमलं नाही. सुरी आत गेली आणि वीट ढासळली. बिया, बदाम, सगळं ताटभर पसरलं.

आप्पांनी एक वाटी घेतली, त्यात चार चमचे भरले आणि चमच्यानं खायला लागले.

"चव बरोबर आहे," ते म्हणाले. "चिवडा म्हणून तर फारच छान."

"राहू द्या, आप्पा."

"अगं, खरंच. बाईंचा पहिला तर याहून वाईट होता. तो हातोड्यानं फोडायला लागला होता. तो आम्ही दोघांनी..." एवढं बोलून ते थांबले आणि खात राहिले.

दोघांनी काय केलं, ते मी विचारलं नाही. मला दिसत होतं. ह्याच टेबलाशी बसून दोघं हसली असतील. आई जाऊन वर्षही झालं नसेल तेव्हा. मी पुण्यात आईच्या साड्यांची घडी उलगडून त्यात तोंड घालून बसायचे, आणि इथे ह्या टेबलाशी हातोडा घेऊन हसणं चाललं होतं.

बाई त्या दिवशी आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. घरात गव्हाचा कण नव्हता. मसाले मी स्वतः निवडले. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं, हे मला ठाऊक होतं आणि ती डबी शोधून फेकून द्यायची म्हणून मी फडताळ उघडलं. तिथे हिंगाचे खडे होते, बिनपिठाचे. ते बाईंनी आधीच बदलले होते. प्रत्येक ठिकाणी मी जाऊन पोचायचे आणि तिथे त्या आधीच येऊन गेलेल्या असायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचं पोट पुन्हा बिघडलं. जोरात. ते भिंतीला धरून मोरीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. मी त्यांना निजवलं, मऊ भात टाकला, त्यावर तूप घालून वाटी झाकून ठेवली, आणि चपला घालून सरळ माईणकरबाईंकडे गेले.

त्या दारातच निवडत बसल्या होत्या. सुपात सूर्यफुलाच्या बिया. माझा चेहरा पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"सरांना पुन्हा त्रास झाला?"

"तुम्ही त्यांना काय दिलंत?"

"मी तिकडे आलेच नाही, हेमांगी."

"ते इकडे आले असतील. काल संध्याकाळी फिरायला जातो म्हणून गेले होते."

"आले होते. पाणी प्यायले. बसले थोडा वेळ."

"आणि?"

"आणि काही नाही. मी पुण्याला जावं का, असं विचारत होते. मी म्हटलं, मुलगी नेतेय तर जा."

हे मला अपेक्षित नव्हतं. त्यामुळे मी जास्तच चिडले.

"मग गहू येतो कुठून? ब्रेड बंद आहे. मी काही दिलेलं नाही. तुम्हाला माहीत आहे. त्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्याकडे ज्या तऱ्हेनं पाहिलंत, त्यावरून मला कळलं. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही."

"मला माहीत असलं तरी ते सांगायचं सरांनी."

"इतकं चाललंय तुमचं दोघांचं."

बाईंनी सुपाच्या कडेची एक बी आत सरकवली.

"पोळपाट माळ्यावर टाकलात," मी म्हटलं. "मिक्सर हलवलात. आता तिच्या जागी बसायचं तेवढं राहिलंय."

मी ते सावकाशच बोलले. माईणकरबाई उठल्या, सूप आत नेऊन ठेवलं आणि परत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात मोकळे झाले की त्यांचं काय करायचं हे त्यांना कळत नसे, ते मी तेव्हा प्रथम पाहिलं.

"तिथे कोणाला बसता येतं असं तुला वाटतं?" त्या म्हणाल्या. "घरी जा. सरांना एकटं नको ठेवूस."

मी घरी आले. बाहेरच्या खोलीत आप्पा नव्हते. झाकून ठेवलेली भाताची वाटीही नव्हती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

आप्पा पलंगाच्या कडेला बसले होते. मांडीवर वाटी. शेजारी पुस्तकांचं कपाट उघडं, आणि नकाशांच्या जाड पुस्तकांच्या मागून काढलेला स्टीलचा एक छोटा डबा. डब्याचं झाकण पलंगावर. ते चमच्याच्या टोकानं डब्यातलं काहीतरी भातावर भुरभुरवत होते. भात पिवळा होत होता.

मेतकूट. आईचं मेतकूट.

आई दर माघात मेतकूट करायची. डाळी, तांदूळ वेगवेगळे भाजायची, मेथ्या, सुंठ, हळद, हिंग. गल्लीत वाटायची, मला पुण्याला पाठवायची. आमच्या घरी कोणाचंही पोट बिघडलं की औषधाच्या आधी मऊ भात आणि मेतकूट. तापात, जागरणात, परीक्षेच्या भीतीत. मला दुसरं काही आठवतच नाही.

आणि त्यात एक मूठ गहू असायचा. खमंग भाजलेला. आईच्या पद्धतीत तो असायचाच.

आप्पांनी वर पाहिलं. डबा लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"आप्पा, यात गहू आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आधी लक्षात आलं नव्हतं. पोट बिघडलं की आपलं हेच खायचं, एवढंच डोक्यात. मग एकदा आठवलं, ती परातीत गहू निवडत बसायची." त्यांनी चमचा वाटीच्या कडेला ठेवला. "तोवर निम्मा डबा राहिला होता. हा शेवटचा. ती दवाखान्यात जायच्या आधीचा."

"म्हणजे तुम्ही आजारी पडला की हे खाता, आणि हे खाल्लं की आजारी पडता."

"असं सलग मांडलं की मूर्खपणाच वाटतो," आप्पा म्हणाले. "परवा तू तो ब्रेड केलास ना. सुटला तो. त्या रात्री उगाच आठवण आली, घेतलं चिमूटभर."

मी खाली बसले. मला जे वाटलं ते सांगते: मला आनंद झाला. ते बदाम, ते अक्रोड, धुऊन वाळवलेल्या बिया, तो काटेकोरपणा, सगळं एका बाजूला; आणि ह्या डब्यातली चिमूट एका बाजूला. आई जिंकली होती. क्षणभर मला फक्त एवढंच दिसलं. मग आप्पांचं मनगट दिसलं, वाटी धरलेलं. त्यावर घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवूनही सैल होता.

"बाईंना माहीत आहे," मी म्हटलं.

"त्यांनी पाहिलं एकदा. उचलून मोरीकडे निघाल्या होत्या. मी काही बोललो नाही. मोरीपर्यंत गेल्या, थांबल्या, आणि परत आणून जिथल्या तिथे ठेवला. म्हणाल्या, सर, हे तुमचं तुम्ही करायचं. मी हात लावणार नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रेडमध्ये काय काय घालायला लागल्या."

"मी त्यांना आत्ता काय काय बोलून आले."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि काय बोललीस ते विचारलं नाही. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली, डब्याला झाकण लावलं, ते दोनदा दाबून पाहिलं, आणि डबाही माझ्याकडे दिला.

"ने तू. इथे राहिला तर मी खाणार. फेकू नकोस एवढंच."

संध्याकाळी मी बाईंकडे परत गेले. त्यांनी दिवा लावला होता. 'ये' म्हणाल्या नाहीत, दारातून बाजूला झाल्या. स्वयंपाकघरात ओट्यावर साचा पालथा घातलेला होता आणि एक वीट जाळीवर निवत होती.

"आप्पांनी सांगितलं," मी म्हटलं.

"बरं झालं."

"तुम्ही सकाळीच का नाही सांगितलंत? मी एवढं बोलले."

बाईंनी वीट बोटांनी चाचपून पाहिली. अजून कोमट असावी. त्यांनी तिच्यावर फडकं टाकलं.

"काय सांगायचं होतं? तुझ्या आईच्या हातचं खाऊन सर आजारी पडतायत, असं? मी?" त्या जराशा हसल्या. "तुला माझा राग येतो ते मला दिसतं, हेमांगी. मला कोणाचा येतो ते मी कुठे बोलायचं? तुझ्या आईनं, प्रमिलाबाईंनी, मला दर संक्रांतीला तिळगूळ दिलाय. वाईट शब्द बोलल्या नाहीत कधी. ब्रेडमध्ये मी मेथ्या भाजून घातल्या. सुंठ घातली. हिंग घातला, ब्रेडमध्ये कोणी हिंग घालतं का? नुसता तो वास यावा म्हणून. सर म्हणायचे, उत्तम झालाय, बाई. आणि मी गेल्यावर आत जाऊन कपाट उघडायचे."

त्यांनी हे शास्त्राचा धडा सांगावा तशा आवाजात सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहत होते. माझ्या आईचा हेवा करणारं जगात कोणी असेल, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. आईचा हेवा करायचा तरी तिच्या जवळचं असावं लागतं, आणि तेवढं जवळचं मला कोणी नको होतं.

"गहू न घालता करता येईल ना?" बाईंनी विचारलं. "मेतकूट. मला येत नाही. आमच्याकडे विकतचं असायचं. तुला माप माहीत असेल त्यांचं."

माप मला माहीत होतं. आईनं ते कधी सांगितलं नव्हतं, मी तिच्याजवळ बसून बसून ते हाताला कळलं होतं. कुठली डाळ किती, कुठली कितपत तांबूस, मेथ्या कधी उतरवायच्या. ते एवढं एकच उरलं होतं ज्यापर्यंत माईणकरबाई माझ्या आधी जाऊन पोचल्या नव्हत्या.

"मी पाठवीन करून," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. "बरं. तेही चालेल."

निघताना त्यांनी फडकं काढलं, वीट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "सकाळी काप," त्या म्हणाल्या. "आज नको."

आप्पांना पुण्याला नेण्याचं मी पुन्हा काढलं नाही. दोन दिवसांनी मी एकटीच परत आले. डबा बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवला होता. गाडीत दोनदा हात घालून पाहिला. सांगलीत आता आईचं मेतकूट नव्हतं. ते माझ्याकडे होतं.

घरी आल्यावर कोणी नव्हतं. मी भात लावला. मऊ केला, तूप घातलं, मीठ घातलं, आणि डबा उघडून चांगलं चमचाभर मेतकूट वर घेतलं. मला काटकसर करायची नव्हती. कालवलं आणि घास घेतला.

ते खवट झालं होतं. नुसतं जुनं नव्हे, खवट. हिंग उडून गेला होता, सुंठ उडून गेली होती, मेथ्यांचा कडूपणा तेवढा जिभेच्या मागे राहिला. मी दुसरा घास घेतला. मला वाटलं, भात जास्त झाला असेल. मग चिमूट नुसतीच जिभेवर ठेवून डोळे मिटले. आईचं त्यात काहीही नव्हतं. पिवळ्या रंगाचं जुनं पीठ होतं.

आप्पा महिनोन्‌महिने हे खात होते. त्यांना जीभ होती. आमच्या घरात सगळ्यात चोखंदळ तेच, भाजीत गूळ कमी पडला तर पहिल्या घासाला सांगायचे. त्यांना पहिल्या चिमटीलाच कळलं असणार. तरी ते भातावर भुरभुरवून खायचे, आणि मग भिंतीला धरून मोरीतून बाहेर यायचे.

मी हात धुतले आणि फोन लावला. सांगलीच्या आमच्या घरी. वाटलं होतं आप्पा घेतील.

"हॅलो," माईणकरबाई म्हणाल्या. "सर फिरायला गेलेत. बरे आहेत. पोचलीस ना नीट?"

"पोचले," मी म्हटलं. "बाई, तुमच्याकडे हरभऱ्याची डाळ आहे?"

"आहे."

"एक वाटी घ्या. मंद आचेवर. घाई करू नका, वास यायला लागला तरी लगेच उतरवू नका. उडदाची डाळ त्याच्या निम्मी. तांदूळ उडदापेक्षा थोडे कमी. प्रत्येक वेगळं भाजायचं, एकत्र नाही."

पलीकडे काही पडल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. "सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगत गेले. धने, जिरे, मोहरी. मेथ्या मोजक्या, आणि त्या तांबूस व्हायच्या आतच काढायच्या, नाहीतर सगळं कडू होतं. सुंठ ताजी कुटलेली. हिंगाचा खडा तुपात फुलवून. आई हळद शेवटी, आच बंद केल्यावर घालायची. त्या मधूनमधून एखादा शब्द परत म्हणून घेत होत्या. मला आप्पांचं घर दिसत होतं, टेबल, ओव्हन, खिडकीखाली सरकवलेला मिक्सर.

"आणि गव्हाचं काय करायचं?" शेवटी बाईंनी विचारलं. "त्याच्या बदली काही घालू? राळे, ज्वारी, काही?"

मी उघड्या डब्याचं झाकण लावलं.

"नको," मी म्हटलं. "त्याच्या बदली काही घालू नका. तेवढं कमीच राहू दे."